विमानव्यवसायातील स्त्रिया आणि त्यांचे संघटन

विमान चालविण्याचा परवाना मिळविणे आणि विमान चालवून उपजीविका करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी बुद्धी, निकोप प्रकृती, परिश्रम आणि पैसा लागतो. दुसरीसाठी या साऱ्यांखेरीज आणखी काही लागते आणि त्याचा उल्लेख कोणत्याही नियमपुस्तिकेत आढळत नाही. ते म्हणजे व्यवसायातील ओळखपाळख. कोणत्या कंपनीत जागा निघणार आहेत, मुलाखतीत काय विचारतात, कोणत्या शाळेतील विमाने महिनोन्महिने दुरुस्तीत पडून असतात, उड्डाणाचे तास कमी खर्चात कोठे पुरे करता येतील, ही माहिती पुरुष वैमानिकांना फ्लाइंग क्लबच्या व्हरांड्यात आणि हवाई दलातील सहकाऱ्यांच्या गप्पांत आपसूक मिळत आली. स्त्रियांना त्या व्हरांड्यात खुर्ची नव्हती. ती खुर्ची त्यांनी स्वतःच कशी तयार केली, त्यासाठी कोणत्या संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांचे काम आजही का संपलेले नाही, हे पाहणे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांना उद्बोधक ठरेल.

हँगरमधील सभा

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेत होतो. ऑगस्ट १९२९ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथून ओहायो राज्यातील क्लीव्हलंडपर्यंत स्त्री-वैमानिकांची एक दीर्घ पल्ल्याची शर्यत झाली. वीस स्त्रिया तीत उतरल्या. वाटेत मार्व्हल क्रॉसन या तरुण वैमानिकेचा अपघाती मृत्यू झाला आणि स्त्रियांना विमाने चालविणे जमणार नाही, शर्यत तात्काळ थांबवावी, असा गिल्ला सुरू झाला. शर्यत थांबली नाही. बहुसंख्य स्पर्धक क्लीव्हलंडला सुखरूप पोहोचल्या व लुईस थेडन पहिली आली. तथापि या प्रसंगाने एक गोष्ट स्पष्ट केली. पुरुष वैमानिकाचा अपघात हा त्या एका वैमानिकाचा अपघात समजला जाई. स्त्रीचा अपघात मात्र समस्त स्त्रीजातीच्या खाती जमा होई. अशा स्थितीत एकेकटीने उत्तर देत बसण्यात अर्थ नव्हता.

त्या वेळी साऱ्या अमेरिकेत परवानाधारक स्त्री-वैमानिक अवघ्या ११७ होत्या. फे गिलिस, नीव्हा पॅरिस, मार्जरी ब्राउन व फ्रान्सिस हॅरेल या चौघींनी ऑक्टोबर १९२९ मध्ये या सर्वजणींना पत्र धाडून एकत्र येण्याचे आवाहन केले. त्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. नोकऱ्यांची आशा करण्यास यापेक्षा अशुभ मुहूर्त शोधूनही सापडला नसता! तरीही २ नोव्हेंबर १९२९ रोजी लाँग आयलंडवरील कर्टिस फील्ड या विमानतळावरच्या हँगरमध्ये सव्वीसजणी जमल्या. बाजूला विमानाचे इंजिन धडधडत होते आणि चहा दिला गेला तो मेकॅनिकच्या हत्यारांच्या ढकलगाडीवरून. स्नेहसंबंध, नोकऱ्यांची माहिती आणि विमानक्षेत्रातील स्त्रियांविषयीच्या नोंदी ठेवणारी एक मध्यवर्ती कचेरी असा अगदी व्यावहारिक हेतू त्या पत्रामागे होता. स्त्रीमुक्तीचा जाहीरनामा कोणी वाचून दाखविला नाही.

नावावरून बरीच चर्चा झाली. अखेर जितक्या संस्थापक सदस्या होतील तो आकडा हेच नाव ठेवावे, ही अमेलिया इअरहार्ट यांची सूचना मान्य झाली. आकडा आधी ८६ होता, मग ९७ झाला आणि शेवटी ९९ वर स्थिरावला. म्हणून संघटनेचे नाव 'नाइन्टी-नाइन्स' असे पडले. १९३१ मध्ये इअरहार्ट तिच्या पहिल्या निर्वाचित अध्यक्ष झाल्या. आवाहन करणाऱ्या चौघींपैकी नीव्हा पॅरिस मात्र संघटनेचा हा विस्तार पाहण्यास उरल्या नाहीत. जानेवारी १९३० मध्ये, सभेनंतर जेमतेम दोन महिन्यांनी, विमान अपघातात त्यांचे निधन झाले.

एका नोकरीची कथा

संघटनेचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास हेलन रिची या वैमानिकेची हकीकत सांगण्यासारखी आहे. ३१ डिसेंबर १९३४ रोजी सेंट्रल एअरलाइन्स या कंपनीची सहवैमानिक म्हणून तिने वॉशिंग्टन ते डेट्रॉइट मार्गावर पहिले उड्डाण केले. नियमित प्रवासी सेवेत स्त्री-वैमानिक नेमली जाण्याचा अमेरिकेतील हा पहिला प्रसंग होता. वृत्तपत्रांनी तिची छायाचित्रे छापली, कंपनीने तिला समारंभांना पाठविले. पण विमानावर पाठविण्याची वेळ आली की कंपनी हात आखडता घेऊ लागली. वैमानिकांच्या संघटनेने तिला सदस्यत्व नाकारले होते. खराब हवामानात तिला उड्डाण करू देऊ नये, असे सरकारी खात्याकडूनही सुचविले गेले. आता ज्या वैमानिकाने केवळ निरभ्र आकाशातच उडावयाचे, तो विमानकंपनीच्या काय कामाचा? १९३५ मध्ये रिचीने राजीनामा दिला.

येथे दोन संघटना समोरासमोर दिसतात. एकीने दार लावून घेतले. दुसरीने त्याचा जाहीर निषेध केला आणि, हे अधिक महत्त्वाचे, दुसरे दार शोधले. फीबी ऑमली ही अनुभवी वैमानिक त्या सुमारास अमेरिकन सरकारच्या हवाई वाहतूक खात्याशी संबंधित होती. भरकटलेल्या वैमानिकांना आपण कोठे आहोत हे कळावे म्हणून दर पंधरा मैलांवर एखाद्या कोठाराच्या वा कारखान्याच्या छपरावर गावाचे नाव मोठ्या अक्षरांत रंगविण्याची योजना तिने पुढे आणली. त्या कामावर तिने लुईस थेडन, ब्लांश नॉइस, नॅन्सी हार्कनेस अशा वैमानिक स्त्रियांची योजना केली. हेलन रिचीलाही त्यात काम मिळाले. रेडिओ आणि रडार यांची सोय सर्वत्र नसलेल्या काळात छपरावरील त्या अक्षरांनी किती विमाने वाटेवर आणली असतील याचा अंदाज बांधणे कठीण आहे. पुढे महायुद्धात शत्रूला वाट दिसू नये म्हणून हजारो नावे पुसावी लागली आणि युद्ध संपल्यावर नॉइस यांना तेच काम पुन्हा नव्याने हाती घ्यावे लागले! नाइन्टी-नाइन्सच्या शाखा अमेरिकेतील विमानतळांवर अशी नावे रंगविण्याचे काम आजही स्वयंसेवेने करतात.

विशेष म्हणजे ज्या वैमानिक संघटनेने १९३५ मध्ये रिचीला नकार दिला, तिनेच १९७४ मध्ये एमिली हॉवेल वॉर्नर यांना पहिली स्त्री सदस्य म्हणून स्वीकारले. या दोन तारखांमध्ये एकोणचाळीस वर्षांचे अंतर आहे. पहिल्या नोकरीपासून दुसऱ्या नोकरीपर्यंत जणू एक पिढीच्या पिढी खर्ची पडली.

युद्धकाळात स्त्रियांच्या कौशल्याची गरज भासली, तेव्हा कोणाचे किती तास झाले आहेत याची माहिती या मंडळींकडे तयार होती. इंग्लंडमध्ये पॉलीन गॉवर यांच्या नेतृत्वाखाली १ जानेवारी १९४० रोजी आठ स्त्रिया विमाने पोहोचविण्याच्या सेवेत दाखल झाल्या आणि १९४३ मध्ये गॉवर यांनी त्यांच्यासाठी पुरुषांइतकेच वेतन मान्य करून घेतले. अमेरिकेत 'वास्प' या दलातील १,०७४ स्त्रियांनी प्रशिक्षण पूर्ण केले आणि एकूण ३८ जणींनी प्राण गमावले. त्यांना सैनिकाचा दर्जा नव्हता. त्यामुळे मृत सहकारिणीचे पार्थिव घरी पाठविण्यासाठी मैत्रिणींना आपसांत वर्गणी काढावी लागे. हा दर्जा त्यांना कायद्याने मिळाला १९७७ साली, दल विसर्जित झाल्यानंतर तब्बल तेहतीस वर्षांनी. तोवर त्यांनी परस्परांशी संपर्क सोडला नव्हता. कागदपत्रे जपली होती, म्हणूनच हा हक्क सिद्ध करता आला.

युद्धोत्तर काळात ऑस्ट्रेलियात नॅन्सी बर्ड यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९५५ मध्ये स्त्री-वैमानिकांच्या संघटना स्थापन झाल्या. १९७८ साली निरनिराळ्या विमानकंपन्यांतील एकवीस स्त्री-वैमानिक लास व्हेगास येथे एकत्र आल्या आणि त्यांनी केवळ प्रवासी विमानसेवेतील स्त्रियांसाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था काढली. छंद म्हणून विमान चालविणारी आणि पगारी वैमानिक यांच्या अडचणी वेगळ्या असतात, हे त्यांनी ओळखले होते. बाळंतपणानंतर कामावर परतण्याचे नियम, पुरुषांच्या मापाने शिवलेला गणवेश, ज्येष्ठता यादीतील स्थान, या गोष्टी वरवर किरकोळ वाटतात. पण नोकरी टिकते किंवा सुटते ती याच गोष्टींवर. १९९४ मध्ये औपचारिकरीत्या स्थापन झालेल्या 'विमेन इन एव्हिएशन इंटरनॅशनल' या संस्थेने कक्षा आणखी रुंद केली. तिच्यात वैमानिकांबरोबर यंत्रज्ञ, अभियंते, हवाई वाहतूक नियंत्रक व विमानतळ व्यवस्थापक स्त्रियाही सदस्य होऊ शकतात. भारतातही तिची शाखा कार्यरत आहे.

भारतातील वाटचाल

भारतीय स्त्रीने विमानविद्येत पदार्पण केले ते फार उशिरा नव्हे. लाहोर येथे १९३६ मध्ये सरला ठकराल यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीने चालविले, तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. १९३९ मध्ये त्यांचे वैमानिक पती अपघातात मृत्यू पावले. व्यावसायिक परवान्यासाठी त्यांनी जोधपूरला प्रशिक्षण सुरू केले. पण महायुद्धामुळे नागरी प्रशिक्षण बंद पडले आणि त्या लाहोरला परतून कलाशिक्षणाकडे वळल्या. प्रेम माथुर यांनी १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना मिळविला. आठ विमानकंपन्यांनी त्यांना नकार दिला. स्त्री विमान चालवीत आहे हे कळल्यास प्रवासी भितील, हे कारण पुढे केले गेले. अखेरीस हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना घेतले. १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली, तेव्हा त्या शर्यतीत प्रवासी भिण्याचा प्रश्न नव्हता एवढेच! दुर्बा बॅनर्जी १९६६ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक झाल्या आणि १९८८ मध्ये निवृत्त झाल्या.

या स्त्रियांच्या कर्तृत्वाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातून कधीकधी असा समज होतो की असामान्य जिद्द असली म्हणजे सारे साधते. हा समज फसवा आहे. ज्या व्यवसायात शिरण्यासाठी प्रत्येक स्त्रीला असामान्य व्हावे लागते, तो व्यवसाय सामान्य गुणवत्तेच्या, म्हणजे पुरुष वैमानिकांपैकी बहुसंख्यांच्या बरोबरीच्या, स्त्रियांना बंदच राहतो. संघटनेची गरज या मधल्या स्त्रीसाठी आहे.

मुंबईत १९६० नंतरच्या दशकात इंडियन विमेन पायलट्स असोसिएशन ही संस्था आकारास आली. रबिया फुतेहअली यांच्यासारख्या वैमानिक तिच्या अग्रभागी होत्या. नाइन्टी-नाइन्सची भारतीय शाखा उभारण्यात चंदा सावंत-बुधभट्टी यांचा पुढाकार होता. शाळा-महाविद्यालयांत व्याख्याने देणे, नवोदितांना मार्गदर्शन करणे, शिष्यवृत्त्यांची माहिती पुरविणे असे या संस्थांचे काम गाजावाजा न होता चालत आले आहे. नाइन्टी-नाइन्सतर्फे अमेलिया इअरहार्ट यांच्या स्मरणार्थ १९४१ पासून शिष्यवृत्ती दिली जाते. ती मुख्यतः आधीच उड्डाण करणाऱ्या स्त्रीला पुढील टप्प्याचा परवाना मिळविता यावा यासाठी असते. हा विचार मार्मिक आहे. कारण प्रशिक्षण सुटते ते बहुधा मध्यावर पैसा संपल्यामुळे.

नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली, निवेदिता भसीन या सहवैमानिक असलेले फोकर फ्रेंडशिप विमान कलकत्त्याहून सिल्चरला गेले. केवळ स्त्री-कर्मचारी असलेले ते उड्डाण होते. याच भसीन १ जानेवारी १९९० रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, मुंबई–औरंगाबाद–उदयपूर मार्गावर जेट विमानाच्या कमांडर झाल्या. एका वैमानिकेच्या हाताखाली दुसरी तयार होते, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो.

वैमानिकांच्या कक्षाबाहेरील स्त्रियांचा लढा वेगळ्या वाटेने गेला. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पस्तिसाव्या वर्षी, सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, अथवा पहिल्या गर्भारपणी नोकरी सोडावी लागत असे. पस्तिशीनंतर मुदतवाढ मिळे, पण ती सर्वस्वी व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. नर्गीस मीर्झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नियमांना आव्हान दिले. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट आणि मुदतवाढीबाबतचा हा अनिर्बंध अधिकार रद्द ठरविला. चार वर्षांच्या विवाहबंदीची अट मात्र न्यायालयाने त्या वेळी कायम ठेवली. हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. पण तो मिळविण्यासाठी नोकरीत असलेल्या स्त्रियांना आपल्याच मालकाविरुद्ध एकत्र उभे राहावे लागले, याचा उल्लेख सहसा होत नाही.

आणखी एक उदाहरण. हरप्रीत ए. डी सिंग यांची १९८८ मध्ये एअर इंडियात वैमानिक म्हणून निवड झाली. त्या कंपनीने निवडलेल्या त्या पहिल्या स्त्री-वैमानिक. प्रकृतीच्या कारणामुळे त्यांना उड्डाणे करता आली नाहीत. त्या उड्डाण-सुरक्षेच्या क्षेत्राकडे वळल्या, वैमानिक स्त्रियांच्या संघटनेचे नेतृत्व त्यांनी केले आणि २०२० मध्ये अलायन्स एअरच्या मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली. विमानव्यवसाय म्हणजे केवळ कॉकपिट नव्हे, हे विद्यार्थिनींना समजावून देण्यास याहून चांगला दाखला क्वचितच मिळेल.

आजचे चित्र व महाराष्ट्र

भारतातील वैमानिकांपैकी सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत, तर जागतिक प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आहे, असे केंद्र शासनाने गेल्या काही वर्षांत वेळोवेळी सांगितले आहे. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल व त्यांच्या स्त्री-सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरपर्यंत उत्तर ध्रुवाजवळील मार्गाने विमान आणले, याचा सर्वत्र गौरव झाला. हे सारे अभिमानास्पद आहेच. तथापि दरवर्षी ८ मार्चला स्त्री-कर्मचाऱ्यांच्या उड्डाणाचे छायाचित्र छापून येते, त्यावर समाधान मानून भागणार नाही. रात्रपाळीचे वेळापत्रक आणि लहान मूल यांचा मेळ कसा घालावयाचा, हे त्या छायाचित्रात दिसत नाही. तो प्रश्न सोडविण्यास कंपनीचे परिपत्रक लागते आणि परिपत्रक निघण्यास कोणाचा तरी संघटित पाठपुरावा.

या संस्थांची एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. त्यांचा वावर मुख्यतः मोठ्या शहरांत आणि इंग्रजी भाषेत आहे. उलट प्रशिक्षणाच्या सोयी मात्र महाराष्ट्रात आता मुंबईपुरत्या राहिलेल्या नाहीत. धुळे, बारामती, नागपूर आणि गोंदियाजवळील बिर्सी येथे वैमानिक प्रशिक्षण चालते. नागपूर फ्लाइंग क्लबच्या सहकार्याने राज्य शासनाच्या 'महाज्योती' या संस्थेने मागासवर्गीय उमेदवारांसाठी व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबविली आहे. गोंदियाच्या शेतांवरून दिवसभर प्रशिक्षणाची विमाने घिरट्या घालतात. पण त्या शेतांच्या बांधावरून शाळेत जाणाऱ्या मुलीस त्या विमानात कोण बसते आणि तेथवर कसे पोहोचावयाचे, हे सांगणारे कोणी भेटतेच असे नाही. ही दरी भरून काढण्याचे काम मुंबईतील संघटना एकटी करू शकणार नाही. जिल्हा परिषदेची शाळा, तालुक्याचे महाविद्यालय आणि ग्रामपंचायत यांनी एखाद्या वैमानिक स्त्रीला व्याख्यानासाठी निमंत्रण देणे ही त्यातील सोपी पायरी होय. पुष्कळशा वैमानिक अशा निमंत्रणास आनंदाने होकार देतात.

व्याख्यानानंतर विचारले जाणारे प्रश्न मात्र पैशाचे आणि नियमांचे असतात व त्यांची उत्तरे शिक्षकांजवळ असावीत. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय असणे, वयाची १८ वर्षे पूर्ण होणे आणि २०० तासांचे उड्डाण या मुख्य अटी आहेत. हवामानशास्त्र, दिक्चालन, हवाई नियम आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान या विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. रेडिओवरील संभाषणाचा परवाना निराळा. एकूण खर्च पन्नास लाख रुपयांच्या घरात जाऊ शकतो. कंपनीच्या विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण त्याहून वेगळे. परवाना मिळताच नोकरी मिळते असेही नाही. काही वेळा बराच काळ वाट पाहावी लागते आणि कर्जाचे व्याज त्या काळात थांबत नाही. एखादी अनुभवी वैमानिक हे सर्व दहा मिनिटांत सांगते. माहितीपत्रकाच्या गुळगुळीत पानांवर ते सापडत नाही.

त्यातही दोन गोष्टी आधी कळणे अगत्याचे आहे. पहिली वैद्यकीय तपासणीविषयी. महासंचालनालयाच्या नियमांनुसार प्रारंभी द्वितीय वर्गाची व व्यावसायिक परवान्यासाठी प्रथम वर्गाची तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते. दृष्टीतील वा श्रवणातील एखादा दोष पुढे आडवा येणार असेल, तर तो जमीन गहाण टाकण्यापूर्वी उघड झालेला बरा. या तपासणीचा खर्च प्रशिक्षणाच्या मानाने अगदी अल्प असतो. दुसरी गोष्ट विषयनिवडीची. तालुक्याच्या महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही म्हणून कला शाखेस गेलेल्या मुलीची वाट तेथेच खुंटते असे नव्हे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत भौतिकशास्त्र व गणित हे दोन विषय नंतरही उत्तीर्ण करून ती पात्र ठरू शकते. दहावीचा निकाल लागल्यावर प्रवेशाच्या धांदलीत ही माहिती शाळेच्या फलकावर लावलेली असेल, तर एखाद्या मुलीची दोन वर्षे वाचतील.